टीव्ही मोठा, चित्र पुसट : दोष कोणाचा?

घरातला बत्तीस इंची टीव्ही काढून पंचावन्न इंची घेणारे गिऱ्हाईक आता तालुक्याच्या बाजारातही भेटते. ३२ इंचांवरील टीव्हीचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आल्याने दुकानदारालाही हा माल सुचवणे सोपे झाले आहे. पण टीव्ही भिंतीवर चढतो, छतावरच्या डिशची तार जोडली जाते आणि दुसऱ्याच दिवशी गिऱ्हाईक दारात उभे राहते. दुकानात चित्र आरशासारखे होते, घरी सगळे धुरकट, माल बदलून द्या! दुकानदार डिशवाल्याकडे बोट दाखवतो, डिशवाला टीव्हीकडे. आणि जोडणी करणाऱ्या कारागिराची मजुरी मधल्यामध्ये अडकते.

बहुतेक वेळा माल खराब नसतोच. दुकानात पेनड्राइव्हवरचे, कंपनीने मुद्दाम तयार केलेले ४के चित्रीकरण चालू असते. घरी मात्र उपग्रहावरून येणारी साधी वाहिनी लागते. या दोहोंतला फरक आकड्यांत पाहा. साध्या म्हणजे एसडी वाहिनीचे चित्र ७२० गुणिले ५७६ ठिपक्यांचे, एकूण सुमारे ४ लाख १५ हजार. एचडी वाहिनीचे १९२० गुणिले १०८०, म्हणजे २० लाख ७३ हजारांवर. आणि ४के पडद्यावर ठिपके असतात जवळजवळ ८३ लाख. एसडी वाहिनी अशा पडद्यावर लावली की दर वीस ठिपक्यांमागे एकच ठिपका उपग्रहावरून आलेला असतो, बाकीचे एकोणीस टीव्ही स्वतःच्या अंदाजाने भरतो. भिवंडी-मालेगावच्या यंत्रमागवाल्यांना हे समजावून सांगायला नको. सूत तेवढेच ठेवून कापडाचा पन्हा दुप्पट केला तर वीण विरळ दिसणारच. जुन्या २१ इंची पिक्चर ट्यूबवर हेच चित्र छान दिसे, कारण तेथे उणीव झाकली जात होती.

एचडी वाहिनी लावली तरी दुकानातले चित्र घरी उतरत नाही, त्याचे कारण दुसरे. स्टुडिओतल्या तारेतून एचडी चित्र सेकंदाला सुमारे दीड अब्ज बिट या वेगाने वाहते. उपग्रहावरची जागा महाग, तीत अनेक वाहिन्या बसवायच्या असतात, म्हणून घरी पोहोचेपर्यंत तेच चित्र दाबून काही मेगाबिटवर आणलेले असते. बातम्या देणारा माणूस स्थिर बसलेला असल्याने त्याचा चेहरा स्वच्छ दिसतो. क्रिकेटचा चेंडू सीमारेषेकडे धावला की गवत आणि प्रेक्षक यांचा लगदा होतो. म्हणून चित्राची परीक्षा बातम्यांवर नव्हे, सामन्यावर करावी.

इथपर्यंतचा दोष कोणाच्याच हातचा नाही. पण कित्येक घरांत एचडीचे पैसे दरमहा भरूनही चित्र एसडीच पाहिले जाते, आणि ते आपल्या कारागिरांना दहा मिनिटांत सुधारता येते. सेट-टॉप बॉक्स बदलला तरी जुनी पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांची तार तशीच राहिलेली असते. पिवळ्या पिनेतून एचडी चित्र जातच नाही. त्यासाठी एचडीएमआय तारच हवी. तार बदलल्यावर बॉक्सच्या सेटिंगमध्ये जाऊन चित्र १०८० वर आहे ना, ते पाहावे. तिसरी गोष्ट सवयीची आहे. एकच वाहिनी पुष्कळदा दोन क्रमांकांवर असते, एक एसडी, एक एचडी. घरातल्यांच्या बोटांना जुनाच क्रमांक पाठ असतो!

एक गोष्ट मात्र स्पष्ट लिहायला हवी. चित्र पुसट आहे म्हणून छतावर चढून डिश फिरवणे आणि त्याचे पैसे घेणे, हे चुकीचे आहे. उपग्रहाचा डिजिटल संकेत कमी पडला तर चित्र पुसट होत नाही. त्याचे चौकोन पडतात, ते थिजते किंवा साफ जाते. कोकणात मुसळधार पावसात हा अनुभव सर्वांनाच आहे. पुसटपणावर डिशचा इलाज नाही, आणि चौकोनांवर नव्या टीव्हीचा नाही. एवढे ओळखता आले तरी निम्मी भांडणे दुकानाबाहेरच मिटतील.

विकताना खोलीचे माप विचारावे. चित्राच्या उंचीच्या सहापट अंतरावरून एसडी आणि तिप्पट अंतरावरून एचडी पाहावे, असा या क्षेत्रातला जुना हिशोब आहे. पंचावन्न इंची पडद्याची उंची सुमारे २७ इंच. म्हणजे एसडीसाठी साडेतेरा फूट, एचडीसाठी पावणेसात. दहा फुटांच्या खोलीत डीडी फ्री डिश पाहणाऱ्याला पंचावन्न इंची टीव्ही देणे म्हणजे तक्रारच विकणे होय. फ्री डिशवरच्या बहुतांश वाहिन्या एसडी आहेत. अशा घराला त्रेचाळीस इंची पुरे, बत्तीस इंची त्याहून बरा. नफा थोडा कमी होईल, पण माल परत येण्याचा टेम्पो आणि फुटक्या पडद्याची जोखीमही त्याच वहीत मांडून पाहा.

शक्य असेल तर दुकानात एक डिश जोडणी ठेवावी आणि पेनड्राइव्हचा झगमगाट दाखवून झाला की तीच वाहिनी एसडीत व एचडीत लावून दाखवावी. गिऱ्हाईक एकदा डोळ्यांनी पाहते, मग आपणहून विचारते की घरी कोणता बॉक्स लागेल.

घरी टीव्ही बसवल्यावर दुकानातला भडक मोड बंद करावा आणि शार्पनेस खाली आणावा, कारण एसडी चित्रावर तो जितका चढवाल तितक्या चेहऱ्याभोवती पांढऱ्या कडा उमटतात. जुने चौकोनी चित्रपट ताणून पडदा भरू नये. बाजूच्या काळ्या पट्ट्या दोष नाहीत, हे घरातल्या वडीलधाऱ्यांना तिथेच सांगून टाकावे. या कामाला अर्धा तास जातो. कारागिराने त्याची मजुरी भिंतीवर टीव्ही चढवण्याच्या मजुरीत न धरता आधीच वेगळी सांगावी आणि पावतीवर तशी लिहावी.