रोग रेड्याला, औषध पखालीला

मोटारीत स्टिअरिंगच्या मागे ज्या तबकड्या असतात, त्यांतील वेगाच्या काट्यावर साऱ्या कुटुंबाचे लक्ष असते आणि इंधनाच्या काट्यावर घरच्या कर्त्या माणसाचे. तिसरा एक काटा मात्र बिचारा उपेक्षित राहतो. एंजिनाचे तपमान दाखवणारा हा काटा वर्षानुवर्षे मध्यावर उभा असतो, म्हणून त्याच्याकडे कोणी पाहत नाही. आणि एके दिवशी, बहुधा मुलेबाळे नि फराळाचे डबे घेऊन मंडळी घाट चढत असतानाच, तो तांबड्या रेघेकडे सरकू लागतो. काही नव्या गाड्यांत तर काटाही नसतो. गार असताना निळा आणि ताप चढला की तांबडा, असे दोन दिवे असतात एवढेच.

हा ताप मुळात येतो कोठून? डिझेल एंजिनात ठिणगी पाडणारा प्लग नसतो. तेथे हवाच इतकी दाबली जाते की ती पाचशे अंश सेल्सिअसच्याही वर तापते आणि तीत फवारलेले डिझेल आपोआप पेट घेते. रुडॉल्फ डिझेल यांच्या एंजिनाची १८९७ साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे चाचणी झाली, तेव्हा इंधनातील उष्णतेपैकी शेकडा २६ भाग कामी लागला. त्या काळच्या वाफेच्या एंजिनांच्या मानाने ही करामतच होती. आजच्या मोटारीत हे प्रमाण शेकडा ४० च्या घरात जाऊ शकते. उरलेली उष्णता काही धुरावाटे जाते आणि बरीचशी एंजिनाभोवती खेळणाऱ्या पाण्याला वाहून न्यावी लागते.

हे पाणी पंप फिरवतो. एंजिन गार असते तोवर थर्मोस्टॅट नावाची एक छोटी झडप रेडिएटरची वाट अडवून धरते. तिच्या पोटात मेण असते. साधारण ८० ते ९० अंशांच्या दरम्यान ते वितळून फुगते आणि झडप उघडते. मग पाणी रेडिएटरात जाते, वाऱ्याने निवते आणि परत येते. रेडिएटरचे झाकण म्हणजे तर आपल्या कुकरची शिटीच! दाबाखाली पाणी १०० अंशांना उकळत नाही. १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत ते दम धरते. म्हणूनच तापलेल्या गाडीचे झाकण उघडणे म्हणजे वाफ कोंडलेल्या कुकरचे झाकण ओढून काढणे होय.

आमच्या शेजारच्या एका गृहस्थांची डिझेल गाडी सपाटीवर गुणी मुलासारखी चाले. पण खंबाटकीचा घाट लागला की काटा वर चढे. एका गॅरेजात त्यांना नवा रेडिएटर बसवून मिळाला. पुढे पंखाही बदलून झाला. घाट आला की काटा पुन्हा वर! शेवटी एका वयस्क मिस्त्रीने हत्यार हाती घेण्याआधी विचारले, "साहेब, ताप केव्हा चढतो?" मग गाडी चांगली तापवून त्याने रेडिएटरच्या दोन्ही नळ्यांचे तपमान मोजले. वरची नळी कढत, खालची जेमतेम कोमट. पाणी पुरेसे पुढे सरकतच नव्हते. थर्मोस्टॅट अर्धवट उघडून अडकला होता. रेडिएटरच्या मानाने अगदी क्षुल्लक किमतीची ती झडप बदलली आणि दुखणे गेले. पूर्वी रेड्याच्या पाठीवर कातड्याची पखाल लादून पाणी आणीत. आजारी रेडा सोडून पखालीला औषध लावणाऱ्याची म्हण आपल्याकडे उगाच रूढ झालेली नाही.

मी महाविद्यालयात मराठी शिकवतो. प्रश्नार्थक शब्दांत 'काय' आणि 'किती' यांचा तोरा मोठा. पण गाडीच्या निदानात पहिला मान 'केव्हा' या शब्दाचा.

सिग्नलपाशी उभे असताना ताप चढतो आणि गाडी धावू लागली की उतरतो? मग वारा कमी पडतो आहे. पंखा, त्याचा फ्यूज, रिले पाहा. घाटात किंवा भरधाव वेगात चढतो? मग पाणी तरी कमी आहे, नाहीतर त्याची वाट तरी अडली आहे: रेडिएटरच्या पात्यांत चिखल, आत क्षार, थकलेला पंप किंवा अडकलेला थर्मोस्टॅट. पाणी गळताना दिसत नाही, तरी घटत राहते, टाकीत बुडबुडे येतात, एंजिन ऑइल दुधाळ दिसते? मग हेड गॅस्केट गेल्याचा संशय घ्यावा आणि गाडी मुळीच चालवू नये.

काटा वर येतच नाही, हेही दुखणेच आहे. झडप उघडी राहिली की एंजिन पुरेसे तापत नाही. डिझेल एंजिन आधीच काटकसरी, कमी उष्णता वाया घालवणारे; थंडीत ते गारठूनच चालते आणि डिझेल जास्त पिते. एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांच्या डिझेल गाड्यांत काजळी धरून ठेवणारी गाळणी असते. एंजिन तापल्याशिवाय कित्येक गाड्यांत ती काजळी जाळून साफ होत नाही.

काटा कधी खोटेही बोलतो. टाकीतले पाणी संपले तर त्याचा संवेदक कोरडा पडतो आणि काटा स्वस्थ राहतो. त्याची परीक्षा सोपी आहे. रात्रभर उभ्या असलेल्या गाडीला सकाळी स्कॅनर जोडावा. एंजिनाचे तपमान बाहेरच्या हवेइतकेच दिसले पाहिजे. फार फरक आला तर दोष संवेदकाचा किंवा तारेचा.

आणि वाटेतच काटा तांबड्याला टेकला तर? एसी बंद करावा, गाडीतला हीटर पूर्ण सोडावा. तोही एक लहान रेडिएटरच आहे. लगेच कडेला थांबून एंजिन बंद करावे. "अजून दोनच किलोमीटर" हा मोह धरू नये; तेवढ्यात ॲल्युमिनियमचे हेड वाकते आणि हजारांचे काम लाखाच्या घरात जाते. मुलांना गाडीपासून दूर बसवावे, झाकणाला हात लावू नये आणि तापल्या एंजिनात गार पाणी ओतू नये, धातू तडकतो. गाडी पुरती निवल्यावरच फडके धरून झाकण सावकाश सैल करावे.

गावी निघण्याच्या सकाळी, एंजिन गार असतानाच, टाकीतले पाणी दोन खुणांच्या मध्ये आहे ना, एवढे पाहायला एक मिनिट लागते. ते नळाचे नसावे; गीझरात साचतो तोच पांढरा थर रेडिएटरातही साचतो. कंपनीने सांगितलेले कूलंट, शुद्ध पाण्याच्या योग्य प्रमाणात घातलेले, हेच खरे. आणि गाडी मिस्त्रीकडे न्यावी लागलीच, तर "रेडिएटर बदला" असे आपण होऊन सांगू नका. ताप केव्हा चढतो आणि केव्हा उतरतो ते सांगा. निम्मे निदान तेथेच होते.