लाल दिवा लागला म्हणजे अँप गेला नव्हे

हंगामात कराडच्या रस्त्यावर उसाचा ट्रॅक्टर दिसायच्या आधी त्याचा टेप ऐकू येतो. चारचाकीवाल्यांची हौसही काही कमी नाही. मात्र बेस बंद पडला की सगळ्यांच्या तोंडी एकच निदान: ‘अँप गेला.’ बहुतेक वेळा हा ॲम्प्लिफायर गेलेला नसतो.

‘प्रोटेक्ट’चा लाल दिवा लागणं म्हणजे अँप जळणं, हा सगळ्यात महाग पडणारा गैरसमज. पुढे गडबड आहे म्हणून अँप स्वतःच थांबलाय, बहुतेक वेळा एवढाच त्याचा अर्थ. सिस्टीम बंद करा, अँपमधून वूफरच्या वायरी काढा आणि पुन्हा चालू करा. लाल दिवा गेला, तर दोष वूफरमध्ये किंवा त्याच्या वायरीत. मल्टिमीटर ओहमवर ठेवून सुट्या वूफरच्या दोन टोकांना लावा. ४ ओहमची चांगली कॉइल साधारण ३.२ ते ३.७ दाखवते. शून्याजवळ आकडा आला तर कॉइल शॉर्ट; मीटर हललाच नाही तर तुटलेली. कॉइल ठीक निघाली, तर सीटच्या पट्टीखाली वायर सोलून बॉडीला टेकलीय का बघा. वूफर आणि टेपकडून आवाज आणणारी आरसीए वायर दोन्ही काढूनही दिवा लालच राहिला, तर मात्र अँप कारागिराकडे न्या.

दिवाच लागत नसेल, तर आधी अर्थिंगवर संशय घ्या. मीटरची काळी पिन अँपच्या ग्राउंड स्क्रूवर आणि लाल पिन पॉवरच्या स्क्रूवर ठेवा. १२ व्होल्ट येत नाहीत, पण काळी पिन बॉडीच्या उघड्या पत्र्यावर नेली की येतात? मग अर्थिंगच कच्चं आहे. बोल्टखालचा रंग खरवडून तो आवळा. कच्च्या रस्त्याने धावणाऱ्या ट्रॅक्टरवर तो सैल होणारच. अर्थिंग पक्कं असेल, तर टेपकडून येणाऱ्या रिमोट वायरीत १२ व्होल्ट आहेत का पाहा.

फ्यूज वारंवार उडतो म्हणून मोठा टाकणं किंवा सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळणं, याला जुगाड म्हणू नये. बॅटरीजवळचा फ्यूज मुख्यतः वायर वाचवायला असतो. तो निकामी केलात, तर शॉर्ट झाल्यावर वायरच पेटते. हा फ्यूज बॅटरीपासून फार तर दीड फुटावर असावा.

खोक्यावर ‘१२०० वॅट’ छापलेलं असतं. अँपवरचे फ्यूज मोजा. १५ अँपिअरचे दोन असतील, तर ३० गुणिले १४ व्होल्ट, म्हणजे आत जाणारी वीजच ४२० वॅट. क्लास डी अँप त्यातले फार तर साडेतीनशे बाहेर देईल. बाकीचे वॅट खोक्यावरच.

छोट्या अँपने मोठा वूफर जळत नाही, हेही खरं नाही. अँपवरचा गेन म्हणजे व्हॉल्यूम नव्हे. तो शेवटपर्यंत पिळला की आवाज फाटतो, कॉइल तापते आणि जळका वास येतो. दोन वूफरपैकी एकाचे प्लस-मायनस उलटे लागले, तर काहीही न जळता बेस गायब होतो. वायरी अँपमधून काढून त्यांच्या टोकांना एक पेन्सिल सेल दोघांसाठी क्षणभर सारखाच लावून बघा, दोन्ही कोन एकाच दिशेला हलले पाहिजेत.

आणि कराड सोडून उंब्रजकडे वेग घेतला की स्पीकरमधून चढत जाणारी शिट्टी? ती अल्टरनेटरची. कपॅसिटर घेण्याआधी अर्थिंग तपासा आणि आरसीए वायर पॉवरच्या वायरीपासून दूर, गाडीच्या दुसऱ्या बाजूने न्या.