उद्याचा प्रतिस्पर्धी : कबड्डीतील भरतीचा हिशेब

कबड्डीचा सामना चाळीस मिनिटांत संपतो. परंतु त्या चाळीस मिनिटांत लागणारा निकाल पुष्कळदा दोन-तीन वर्षांपूर्वीच ठरलेला असतो. कोणत्या संघाने कोणती पोरे हाताशी धरली, कोणाला सांभाळले, कोणाला सोडले आणि कोणाच्या नावाला भुलून थैली रिकामी केली, यावर तो अवलंबून असतो. प्रेक्षकाला चढाई दिसते, पकड दिसते. भरती मात्र दिसत नाही. म्हणून आपल्या संघाला उद्या कोणापासून धोका आहे, हे ओळखण्याची विद्या आपल्याकडे फारशी कोणी शिकत नाही. आजचा आमचा विषय तोच आहे.

प्रो कबड्डी लीग २०१४ साली आठ संघांनिशी सुरू झाली आणि २०१७ पासून ती बारा संघांची झाली. तिच्यात खेळाडू लिलावात घेतले जातात. माणसांचा लिलाव हा शब्दच जुन्या मंडळींच्या कानाला बोचतो, आणि तो बोचावा हेही योग्यच आहे. पण तो कसा चालतो हे समजून घेतल्याशिवाय टीकाही करता येत नाही. प्रत्येक संघाला सारखीच रक्कम खर्चता येते. २०२३ पासून ती पाच कोटी रुपये आहे. तेवढ्यात अठरा ते पंचवीस खेळाडूंचा ताफा उभा करायचा. काही जुने खेळाडू लिलावाआधीच राखून ठेवता येतात. याखेरीज नवोदित तरुणांना लिलावाबाहेर करारबद्ध करण्याची सोय आहे. वृत्तपत्रांचे मथळे लिलावावर येतात. संघाचे भवितव्य मात्र या शेवटच्या सोयीत दडलेले असते.

पहिल्या लिलावात, २०१४ साली, सर्वांत मोठी बोली होती १२ लाख ८० हजारांची. पाटणा संघाने ती राकेश कुमारसाठी लावली. २०१८ साली सहा खेळाडूंनी एक कोटीचा आकडा गाठला. २०२३ साली तेलुगू टायटन्सने पवन सेहरावतसाठी २ कोटी ६० लाख ५० हजार मोजले. नऊ वर्षांत वीसपट! साहजिकच लोक असे समजू लागले, की ज्याची बोली मोठी त्याचा संघ मोठा. हा समज कितपत खरा आहे?

२०१८ मध्ये सर्वांत महाग खेळाडू होता मोनू गोयत. त्याला १ कोटी ५१ लाख देऊन हरयाणा स्टीलर्सने घेतले, आणि त्या हंगामात हरयाणाचा संघ आपल्या गटात तळाला राहिला. २०२२ मध्ये तमिळ थलैवाजने पवन सेहरावतला २ कोटी २६ लाखांना घेतले. पहिल्याच सामन्यात त्याला दुखापत झाली आणि हंगाम संपला. पुढच्या वर्षी विक्रमी किमतीला घेतलेला हाच पवन तेलुगू टायटन्सकडून खेळला. तो संघ बारा संघांत बारावा आला. प्रदीप नरवालच्या बळावर पाटण्याने लागोपाठ तीन विजेतेपदे मिळवली होती, २०१७ च्या हंगामात त्याने चढाईत ३६९ गुण केले होते. २०२१ साली त्याच्यासाठी १ कोटी ६५ लाख मोजले गेले आणि २०२५ च्या लिलावात त्याच्यावर कोणी बोलीच लावली नाही. यांत त्या खेळाडूंचा कमीपणा नाही. हे सगळे मोठे खेळाडूच आहेत. सांगायचे एवढेच, की बोली ही काल काय केले त्याची पावती असते, उद्या काय होईल याचा दाखला नसते.

बेल्ह्याच्या बैलबाजारात जाणारा जाणता शेतकरी गेल्या वर्षी बैलाने कोणता घाट मारला एवढेच विचारून थांबत नाही. तो दात पाहतो, खांदा पाहतो, चाल पाहतो आणि आपल्या घरच्या बैलाशी त्याची जोडी जमेल की नाही हे पाहतो. माणसाची तुलना जनावराशी करावी असे आम्हांस सुचवायचे नाही. शेतकऱ्याच्या नजरेकडे फक्त लक्ष वेधायचे आहे. प्रतिस्पर्ध्याची भरती जोखताना आपणही तसेच चार प्रश्न विचारावेत. पहिला, आलेल्यांचे वय काय आणि ते किती वर्षे एकत्र राहणार? दुसरा, संघात जी उणीव होती तीच भरून निघाली, की भरलेल्या जागीच आणखी एक नाव आले? उजव्या कोपऱ्याची गरज असताना तिसरा चढाईपटू घेणे म्हणजे गळते छप्पर सोडून दाराला रंग देणे होय. तिसरा, पहिला खेळाडू जायबंदी झाला तर दुसरा कोण? आणि चौथा, त्यांना शिकवणारा कोण आहे?

या चार प्रश्नांनी तीन संघ तपासून पाहू.

पहिला संघ यू मुंबा. अनुप कुमारच्या नेतृत्वाखाली हा संघ पहिल्या तिन्ही हंगामांत अंतिम फेरीत गेला आणि २०१५ साली जिंकला. त्या वेळी मुंबईइतका बलाढ्य संघ दुसरा नव्हता. पण तो पिकलेल्या फळांचा संघ होता. चौथ्या हंगामात मोहित छिल्लर आणि सुरेंदर नाडा ही दोन्ही कोपऱ्यांवरची भक्कम जोडी दुसरीकडे गेली. पुढे अनुपही गेला. त्यांच्या मागे कोणी तयार केलेले नव्हते. २०१८ साली इराणचा फझल अत्राचली एक कोटीला आला, तो उत्तम खेळला, तरीही २०१६ नंतर मुंबईला अंतिम फेरी गाठता आली नाही. पहिल्या वर्षी ज्याने पेरले नाही, त्याला चौथ्या वर्षी बाजारातून धान्य आणावे लागले.

दुसरा संघ आपल्या जिल्ह्याचा, पुणेरी पलटण. या संघानेही आरंभी मोठ्या नावांवर भिस्त ठेवली होती. २०२१-२२ च्या हंगामात नितीन तोमर आणि राहुल चौधरी हे दोन नामांकित चढाईपटू संघात होते. पण हंगाम रंगात आला तेव्हा चढाईचा भार अस्लम इनामदार आणि मोहित गोयत या दोन नव्या पोरांनी उचलला. व्यवस्थापनाने ही खूण ओळखली. ही पोरे राखली, त्यांच्याभोवती पंकज मोहिते, आकाश शिंदे, संकेत सावंत, गौरव खत्री, अबिनेश नडराजन अशी तरुण माणसे जमवली, आणि बी. सी. रमेश यांच्यासारखा जाणता प्रशिक्षक आणला. डिसेंबर २०२२ मध्ये हा संघ अंतिम फेरीत जयपूरकडून ३३-२९ असा हरला. तरीही तो मोडला नाही. फक्त एक उणीव भरून काढली. तिशी गाठलेल्या फझलच्या जागी त्याच्याच देशाचा, वयाने बराच लहान असा मोहम्मदरेझा शादलूई २ कोटी ३५ लाखांना घेतला. दहाव्या हंगामात पलटणीने २२ पैकी १७ साखळी सामने जिंकले आणि १ मार्च २०२४ रोजी हैदराबादेत हरयाणाला २८-२५ असे नमवून प्रथमच विजेतेपद मिळवले. इथे मोठी बोलीही फळली, कारण घर आधीच उभे होते. तिने फक्त कडी बसवली.

तिसरा संघ हरयाणा स्टीलर्स. २०१८ च्या अनुभवाने हा संघ शहाणा झाला. जयदीप दहिया आणि मोहित नांदल ही बचावातली तरुण जोडी त्यांना २०२१-२२ च्याच हंगामात सापडली. पुढे मनप्रीत सिंग प्रशिक्षक झाले. त्यांनी ही जोडी हलवली नाही. म्हणजे २०२४ च्या मार्चमध्ये समोरासमोर आलेले हे दोन्ही संघ एकाच वर्षी पेरलेले होते. ज्याने त्या वर्षीची भरती नीट वाचली असती, त्याला हा सामना दोन वर्षे आधी दिसला असता. आणि पुढचे पाऊल? हरलेल्या हरयाणाने त्याच वर्षीच्या लिलावात पुण्याचा शादलूई २ कोटी ७ लाखांना आपल्याकडे ओढला. आपली उणीव भरली आणि प्रतिस्पर्ध्याला खिंडार पाडले. २९ डिसेंबर २०२४ रोजी, आपल्याच पुण्यात, बालेवाडीच्या मैदानावर, हरयाणाने पाटण्याला ३२-२३ असे हरवून चषक उचलला. त्या हंगामात पुणेरी पलटण बाद फेरीतही पोचली नव्हती.

त्या अंतिम सामन्यात हरयाणाकडून सर्वाधिक नऊ गुण कोणी केले? शिवम पटारे याने. आणि शिवम हा आपल्या शेजारच्या, पूर्वीच्या नगर आणि आताच्या अहिल्यानगर जिल्ह्याचा. पलटणीचा विजेता कर्णधार अस्लम इनामदार हाही त्याच जिल्ह्याचा, आणि २०२३ मध्ये हांगचौला सुवर्णपदक मिळवणाऱ्या भारतीय संघात तो होता. एका जिल्ह्याची दोन पोरे, दोन घरांत गेली आणि दोन्ही घरांत चषक आला. जुन्नरच्या शिवेपलीकडची ही गोष्ट आहे. म्हणून ती आम्ही मुद्दाम सांगत आहो.

पुढच्या काळाकडे पाहिले तर पुणेरी पलटणीचा मूळ पाया टिकला, असेच दिसते. २०२५ मध्ये ती पुन्हा अंतिम फेरीत गेली आणि दिल्लीकडून अवघ्या तीन गुणांनी, ३१-२८ असे, हरली. पाया असला म्हणजे एक वर्ष वाईट गेले तरी संघ परत उठतो. यू मुंबानेही अकराव्या हंगामात अजित चौहानसारख्या नव्या चढाईपटूला पुढे आणून बाद फेरी गाठली. तेव्हा पुण्याला खरा धोका सर्वांत महाग संघाकडून नाही. मुंबईने हीच वाट धरून ठेवली, तर तो तिकडूनच येईल.

हीच गोष्ट देशांनाही लागू आहे. १९९० पासून आशियाई स्पर्धांतले कबड्डीचे प्रत्येक सुवर्णपदक भारताचे होते. २०१८ साली जाकार्त्यात इराणच्या पुरुषांनी आपल्याला उपांत्य फेरीत २७-१८ असे हरवले आणि दुसऱ्याच दिवशी इराणच्या स्त्रियांनी अंतिम फेरीत २७-२४ असे. त्या स्त्रियांच्या संघाला शिकवणाऱ्या होत्या नाशिकच्या शैलजा जैन! आपण ज्यांना प्रतिस्पर्धी म्हणून मोजतच नव्हतो, त्यांनी आपलीच विद्या घेऊन आपल्याला मागे टाकले.

जुन्नर-आंबेगावकरांना या विद्येचे नवल वाटू नये. निजामशाहीची पहिली राजधानी जुन्नर. याच निजामशाहीतले मातबर सरदार लखुजी जाधवराव मोगलांना जाऊन मिळाले, तेव्हा मोगलांची भरती भारी ठरली असेच कोणीही म्हणाले असते. परंतु १६२४ साली भातवडीला मोगल आणि आदिलशाही यांच्या एकत्र फौजांचा पराभव झाला. मलिक अंबरने याच मुलखातले मराठे स्वार हाताशी धरून त्यांना आपल्या पद्धतीच्या लढाईत तरबेज केले होते, आणि त्यांत तरुण शहाजीराजे होते. विकत घेतलेल्या नावापेक्षा घडवलेली माणसे कामाला आली.

आता शेवटचा आणि आमच्या दृष्टीने मुख्य मुद्दा. सर्व बारा संघांच्या जागा मोजल्या तरी त्या साऱ्या देशात तीनशेच्या वर जात नाहीत. त्यांतही बऱ्याच जागा आधीच भरलेल्या असतात. ओतूर, नारायणगाव, मंचर, घोडेगाव या भागांतली हजार पोरे जर या थोड्या जागांकडे डोळे लावून शाळा सोडू लागली, तर ती भरती नव्हे, नासाडी होईल. गुडघा एकदा दुखावला, म्हणजे दोन कोटींच्या खेळाडूलाही हंगामभर बसावे लागते. मग ज्याच्यामागे कोणी नाही, त्याचे काय? म्हणून पोराने शिक्षण सोडू नये. रेल्वे, पोलीस, बँका, मोठ्या कंपन्या यांचे संघ खेळाडूला नोकरी देतात. त्या वाटेवरही प्रमाणपत्र लागतेच.

पण पोरांना घरी बसवणे हाही उपाय नव्हे. खेळ मातीवरून मॅटवर गेला आहे, आणि मातीवर वाढलेल्या पायाला मॅटची सवय कमी वयातच व्हावी लागते. दोन्ही तालुक्यांत मिळून एखादी छपराखालची मॅट, ठरलेल्या वेळी येणारा एखादा जाणता प्रशिक्षक, आणि पश्चिमेकडील डोंगरी गावांतल्या मुलामुलींना संध्याकाळी घरी पोचवणारी गाडी, एवढी व्यवस्था पुष्कळ गोष्टी बदलू शकेल. जत्रेतल्या सामन्यांच्या बक्षिसांवर जो पैसा आपण उधळतो, त्याचा एक वाटा तरी इकडे वळवता येईल. पंधरा ते वीस हे वय खेळाडू घडण्याचे. आणि आपली मंडळे नेमकी त्याच वयात पोराला मोकळे सोडतात. मग त्याला पुणे किंवा पिंपरी-चिंचवडचे मंडळ उचलते, किंवा कोणीच उचलत नाही.

प्रतिस्पर्धी कोण, हे आता वेगळे सांगायला नको. जो आज आपल्या गावातल्या सोळा वर्षांच्या पोराकडे आपल्याआधी पाहतो आहे, तोच तीन वर्षांनी आपल्याला हरवणार आहे. त्याच्या भरतीची चिंता करण्याआधी आपण आपल्या पोरांची मोजदाद करावी, एवढेच आमचे सांगणे आहे.