लोणावळ्याला जाताना मळवलीला उतरा

आपल्या समाजाला प्रवास नवा नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमी, दसऱ्याला दीक्षाभूमी, १ जानेवारीला भीमा कोरेगाव, २० मार्चला महाड. डब्यात बसायला जागा नसली तर दाराशी वर्तमानपत्र अंथरून, फडक्यात भाकरी बांधून आपली माणसे रात्र रात्र प्रवास करतात. पण हा झाला अभिवादनाचा प्रवास. नुसते बायकामुलांना घेऊन दोन दिवस डोंगरात जावे, हवा खावी, काहीतरी पाहावे आणि परत यावे, ही सवय आपल्याला अजून लागलेली नाही. नोकरदार वर्ग तयार झाला, घरे झाली, हप्त्यावर का होईना गाड्याही झाल्या. तरी 'सहल' म्हटले की आपल्यातले कितीतरी जण अजून म्हणतात, ते श्रीमंतांचे चोचले!

यामागे इतिहास आहे. सहलीचे नियोजन म्हणजे इतरांसाठी गाडीची वेळ आणि खोलीचे भाडे. आपल्यासाठी त्यात आणखी एक प्रश्न असायचा : तिथे पाणी कोण देईल? १९०१ साली लहानगा भीमराव, त्याचा भाऊ आणि बहिणीची मुले नवे कपडे घालून साताऱ्याहून आगगाडीने मसूर स्टेशनवर उतरली. वडिलांना गोरेगावी भेटायला निघालेली ही पोरे! येत असल्याचे पत्र वडिलांपर्यंत पोहोचलेच नव्हते, म्हणून घ्यायला कोणी आले नाही. जात कळताच स्टेशनमास्तरचा चेहरा बदलला. बैलगाडीवाले दुप्पट भाडे देऊनही गाडीत बसवायला तयार होईनात. शेवटी एक तयार झाला, तोही गाडी पोरांनीच हाकायची आणि आपण बाजूने चालायचे, या अटीवर. डबा सोबत होता, पण रात्रभर पाणी मिळाले नाही. पुढे १९३४ साली सहकाऱ्यांनी सहलीचा आग्रह धरला, तेव्हा बाबासाहेब वेरूळची बौद्ध लेणी पाहायला निघाले. सुमारे तीस जण होते. वाटेत दौलताबादच्या किल्ल्यापाशी हौदावर हातपाय धुतले म्हणून जमाव अंगावर आला आणि पाण्याला शिवायचे नाही या अटीवर, हत्यारी शिपायाच्या पहाऱ्यात किल्ला पाहावा लागला. हे सारे बाबासाहेबांनी 'वेटिंग फॉर अ व्हिसा' या आठवणींत स्वतः लिहून ठेवले आहे. म्हणजे लेणी पाहायला सहल काढावी ही कल्पना कोणा टुरिस्ट कंपनीची नव्हे, ती आपल्याच घरातली आहे.

आज पुणे-लोणावळा लोकलचे तिकीट काढताना कोणी जात विचारत नाही. मग जाऊ या की!

लोणावळा म्हटले की चिक्की, भुशी धरण आणि गाड्यांची रांग एवढेच लोकांना आठवते. द्रुतगती मार्गावरून सुसाट जायचे, धबधब्यात भिजायचे, मक्याचे कणीस खायचे, तीन तास घाटात अडकून परत यायचे. त्या भिजण्याची किंमतही पाहा. ३० जून २०२४ रोजी भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. १५ जून २०२५ रोजी तळेगावजवळ कुंडमळ्याचा जुना पूल इंद्रायणीत कोसळला आणि माणसे दगावली. ज्या रस्त्याने ही सगळी गर्दी जाते, त्याच्या दोन्ही बाजूंच्या डोंगरांत दोन हजार वर्षांपूर्वीची बौद्ध लेणी आहेत, याची खबर किती जणांना असते?

माझे मत स्पष्ट आहे, ही सहल लोकलने करावी. मोटार वाईट नाही. घरात गुडघे दुखणारी आजी असेल, तान्हे मूल असेल तर मोटारच बरी. पण लोकल जिथे थांबते तिथेच आपले सगळे आहे. देहूरोड, तळेगाव, कामशेत, मळवली, लोणावळा. द्रुतगती मार्गावरची मोटार यातल्या निम्म्या गावांना वळसा घालून निघून जाते, एक्स्प्रेस गाड्या तर मळवलीकडे पाहतही नाहीत. शिवाय हा लोहमार्ग कोणी बांधला, हेही मुलांना सांगता येते. भोर घाटातले बोगदे फोडून १८६३ साली मुंबई-पुणे गाडी सलग सुरू झाली. १८६१ च्या सुमारास तिथे एका वेळी चाळीस हजारांहून अधिक मजूर राबत होते. इंग्रज इंजिनियरांची नावे पुस्तकांत आहेत. सुरुंग लावणाऱ्यांची, पाट्या वाहणाऱ्यांची नावे कुठे आहेत?

पुण्याकडच्यांनी शनिवारी सकाळी निघावे आणि पहिल्यांदा देहूरोडला उतरावे. २५ डिसेंबर १९५४ रोजी बाबासाहेबांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती इथल्या विहारात बसवली. नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जवळजवळ दोन वर्षे आधीची ही गोष्ट! तिथून पुढच्या लोकलने तळेगाव दाभाडे. तिथे बाबासाहेबांचा बंगला आहे. मुक्काम लोणावळ्यात करा किंवा कार्ले फाट्याच्या बाजूला. शनिवारी-रविवारी खोल्यांचे भाव दुप्पट होतात, म्हणून रजा मिळत असेल तर मधल्या वारी जाणेच शहाणपणाचे. मुंबईकडच्यांनी एक्स्प्रेसने लोणावळा गाठावे आणि तिथून पुण्याच्या लोकलने एकच स्टेशन मागे, मळवलीला यावे.

दुसऱ्या दिवशी उजाडताच कार्ले. मळवलीपासून रिक्षा ठरवावी लागते, भाडे आधी बोलून घ्या. वर साडेतीनशेच्या आसपास पायऱ्या आहेत. लेण्याच्या तोंडाशीच एकवीरा देवीचे मंदिर असल्याने कोळी-आगरी बांधवांची गर्दी असते. चैत्रातल्या यात्रेच्या दिवसांत लेणी निवांत पाहता येणार नाहीत, हे ध्यानात ठेवा. आत शिरलात की मात्र बोलणे आपोआप थांबते. सुमारे सव्वाशे फूट लांब, पंचेचाळीस फूट रुंद आणि तितकेच उंच चैत्यगृह. भारतातल्या कोरीव चैत्यगृहांत सर्वांत मोठे! छताला लावलेल्या लाकडी कमानी मूळच्या, दोन हजार वर्षांच्या.

पण घाईने फोटो काढून निघू नका. खांबांवर, दारांवर ब्राह्मी लिपीतले लेख आहेत, ते शोधा. हे चैत्यगृह जंबुद्वीपात सर्वोत्तम असल्याचा अभिमान वैजयंतीच्या भूतपाल शेठीने कोरून ठेवला आहे. धेनुकाकट गावच्या यवनांनी, म्हणजे परदेशातून येऊन इथले झालेल्यांनी, खांब दान दिले आहेत. त्याच गावच्या सिंहदत्त नावाच्या सुगंधी द्रव्ये विकणाऱ्याने एक दार दिले. वेणुवासाचा मुलगा सामी या सुतारानेही दाराच्या कामावर आपले नाव टाकले. भिक्खुणीचे दान आहे. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याने वलुरक लेण्यातल्या भिक्खूंना करजिक गाव दिल्याची नोंद आहे. वलुरक हे कार्ल्याचे तेव्हाचे नाव. राजाचा जावई आणि सुतार, दोघांची नावे एकाच भिंतींच्या आत! पुढे याच देशात सुताराला, चांभाराला, महाराला देवळाच्या पायरीवर अडवणारी व्यवस्था आली, तेव्हा ही अक्षरे वाचणारे कोणी उरले नव्हते. 'पांडवांनी एका रात्रीत कोरली' ही दंतकथा अशाच रिकाम्या जागेत उगवते. वाटाड्याने ती सांगितली तर मुलांना त्या सुताराचे नाव दाखवा. ब्राह्मीतला 'न' ओळखायला सोपा आहे : आडव्या रेघेवर उभी रेघ. बहुतेक लेखांत 'दानं' हा शब्द येतो, त्यावरून पोरे आपोआप शोधू लागतात.

कार्ल्याहून परत मळवलीला या आणि रुळांच्या दुसऱ्या बाजूला, द्रुतगती मार्गावरचा पूल ओलांडून पायी भाजे. हे कार्ल्याहून जुने, इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकातले. एकूण बावीस लेणी. चैत्यगृहाचे खांब आत झुकलेले, कारण लाकडी बांधणीची नक्कल कातळात केली आहे. जवळच चौदा स्तूपांचा समूह आहे, त्यांतल्या काहींवर थेरांची नावे कोरलेली आहेत. भाजे गावातून लोहगडालाही वाट जाते. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेल्यापासून लोहगडाचे नाव सर्वांच्या तोंडी आहे. तोही पाहावा, पण तिसरा दिवस हाताशी ठेवून. कामशेतहून जावे लागणारे बेडसे लेणे मात्र मोटार असलेल्यांनी चुकवू नये. तिथे गर्दी नसते आणि खांबांवरचे हत्ती-घोडे व स्वार अगदी जवळून पाहता येतात. नाशिकच्या आनंद शेठीचा मुलगा पुष्यणक याच्या दानाचा लेख तिथेच आहे.

एक घरगुती विनंती, पुरुष वाचकांना. सहलीच्या दिवशी पहाटे चारला उठून वीस पोळ्या लाटणारी बाई सहलीला निघालेली नसते, ती स्वयंपाकघर पाठीवर घेऊन निघालेली असते. दोन दिवस वडापाव, मिसळ, खानावळीतले जेवण खाल्ले तर काही बिघडत नाही. तिलाही चैत्यगृहात टेकून बसू द्या.

जायचे केव्हा? पावसात डोंगर सुंदर दिसतात पण पायऱ्या शेवाळतात. म्हातारी माणसे सोबत असतील तर ऑक्टोबर ते फेब्रुवारी हेच दिवस बरे. दुपारी लोकल फार कमी असतात, म्हणून परतीची वेळ आधीच कागदावर लिहून घ्या, नाहीतर मळवलीच्या फलाटावर पोरे कंटाळतील. लेण्यांवर खाण्याची सोय नाही, पाणी खालूनच भरून न्यावे.