ब्रेक दाबला की स्टिअरिंग का थरथरतं?

आयर्लंडमध्ये डब्लिनच्या जरा बाहेर घर घेतलं की गाडीवाचून पान हलत नाही. मुलांची शाळा, आठवड्याचं वाणसामान, कॉर्कच्या मित्रांकडचा गणपती, सगळं चार चाकांवर. त्यामुळे आपल्या गप्पांत गाडीच्या तक्रारीही येतातच. त्यातली एक डिसेंबरची भारतवारी आटोपून आलेल्यांकडून ऐकू येते : "मोटरवेवर ब्रेक दाबला की स्टिअरिंग हातात थरथरतं. ब्रेक सोडला की गप्प!"

यावर लगेच मिळणारा सल्ला म्हणजे, "डिस्क वाकली, बदलून टाक." तो कधी बरोबरही असतो. पण डिस्क बदलली आणि मूळ कारण तसंच राहिलं, तर काही महिन्यांनी थरथर परत येते आणि युरो मात्र गेलेले असतात. म्हणून गॅरेजमध्ये जाण्याआधी गाडी काय सांगतेय ते नीट ऐकायला हवं.

पहिला प्रश्न, थरथर ब्रेक दाबल्यावरच होते का? ब्रेक न लावताही ८०-१००च्या वेगाला स्टिअरिंग हलत असेल, तर आधी टायर आणि चाकांचं बॅलन्सिंग बघा. दुसरा प्रश्न, ती जाणवते कुठं? हातात जाणवली तर बहुधा पुढची चाकं, सीटखाली जाणवली तर मागची. तिसरा, गाडी एका बाजूला ओढते का, आणि प्रवासानंतर एकाच चाकाजवळ जास्त धग किंवा जळका वास येतो का? तसं असेल तर त्या चाकाचा कॅलिपर अडकला असण्याची शक्यता मोठी. खड्ड्यांतून जाताना खडखडाटही होत असेल, तर सस्पेन्शनचे बुश आणि बॉल जॉइंट तपासायला सांगा. निसरड्या रस्त्यावर जोरात ब्रेक मारल्यावर पेडल पायाखाली धडधडतं, ते मात्र एबीएसचं काम. तो बिघाड नव्हे.

आता थरथरीमागची गोष्ट. ब्रेक लावला की दोन पॅड फिरत्या डिस्कला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरतात. डिस्कची जाडी सगळीकडे सारखी असेल तर पकडही सारखी राहते. एखादी जागा किंचित जाड झाली, की प्रत्येक फेऱ्याला पकड घट्ट-सैल होते आणि तो झटका स्टिअरिंगपर्यंत पोचतो. ताशी १०० किमी वेगाला चाक सेकंदाला साधारण १४ फेरे घेतं, म्हणजे सेकंदाला १४ झटके. फरक मिलिमीटरच्या शंभराव्या भागांत असला तरी हाताला कळतो. डिस्क खरोखर वाकलेली असतेच असं नाही. बऱ्याचदा ती असमान झिजलेली असते, नाहीतर पॅडचा थर तिच्यावर एकाच जागी बसलेला असतो.

खंडाळ्याच्या घाटात उतरताना ब्रेक तापतात. इथला शत्रू वेगळा, ओल. पाऊस, समुद्राची खारी हवा आणि हिवाळ्यात रस्त्यावर टाकलेलं मीठ. गाडी तीन-चार आठवडे विमानतळाच्या पार्किंगमध्ये उभी राहिली की डिस्कवर गंज चढतो, पण पॅडखालची जागा तेवढी वेगळी राहते. वरवरचा गंज थोडं चालवल्यावर निघून जातो, खोलवरचा राहतो. हायब्रिड आणि इलेक्ट्रिक गाड्यांत वेग कमी करण्याचं बरंचसं काम मोटर करते. त्यामुळे डिस्क घासल्या जात नाहीत आणि गंजाला आणखी वाव मिळतो.

हाच गंज हबवर, म्हणजे डिस्क ज्यावर बसते त्या भागावरही चढतो. तो साफ न करता नवी डिस्क बसवली तर ती किंचित तिरपी बसते. फिरताना डगमगते, असमान झिजते आणि दोन-चार महिन्यांत थरथर परत! नव्या डिस्कनंतरही त्रास परतण्याचं हे नेहमीचं कारण.

म्हणून गॅरेजमध्ये नुसतं "गाडी हलते" म्हणू नका. इथले मेकॅनिक याला 'जडर' म्हणतात. किती वेगाला, ब्रेक दाबल्यावरच का, हातात की सीटखाली, हे सांगा. मग विचारा : डिस्क डायल गेजनं मोजली का? हब साफ केला का? कॅलिपरच्या पिना मोकळ्या सरकतात का? चाकांचे नट टॉर्क रेंचनं सारखे आवळले का? डिस्क बदलायचीच असेल तर एका अॅक्सलच्या दोन्ही डिस्क आणि पॅड एकत्र बदलून घ्या.

"एनसीटी पास झालीय की!" हे मात्र उत्तर नाही. गाडी चार वर्षांची झाली की ही चाचणी दर दोन वर्षांनी आणि दहा वर्षांनंतर दरवर्षी होते. तिथे डाव्या-उजव्या चाकांच्या ब्रेकमधला फरक मोजतात, पण रोलरवर, अगदी कमी वेगात. मोटरवेवर १००-१२०ला येणारी थरथर तिथे दिसेलच असं नाही.

काही खुणा दिसल्या तर मात्र निदान करत बसू नका. पेडल मऊ लागणं, ब्रेकचा लाल दिवा, धातू घासल्याचा आवाज, चाकातून धूर, किंवा थरथर अचानक वाढणं. सुरक्षित जागी थांबा आणि गाडी टो करून न्या. चाक नुकतंच काढून बसवलं असेल तर नट सैल असू शकतात. पावसात, मागे मुलं बसलेली असताना, 'घरापर्यंत जाऊ' हा हिशेब महागात पडतो.

पुढच्या भारतवारीला निघताना एक सोय करून ठेवा. आपल्या गाडीच्या विम्यात ज्याचं नाव आहे अशा कुणाला तरी आठवड्यातून एकदा गाडी फिरवायला आणि चार-सहा वेळा नीट ब्रेक लावायला सांगा. ते जमलं नाही, तर परत आल्यावर पहिले काही किलोमीटर गावातल्या रस्त्यांवर, मागे गाडी नाही असं बघून, हलके ब्रेक लावत चालवा. त्यानंतरही हाताला थरथर लागली, तर मोटरवेच्या आधी गॅरेज गाठा.