दुसऱ्या खोलीसाठी अँप्लिफायर घेताय? वॅटच्या आकड्याला भुलू नका

हॉलमध्ये मोठा सेट आहेच, आता बेडरूममध्येही गाणी ऐकायची आहेत. मग स्वस्तातला इंटिग्रेटेड अँप्लिफायर, म्हणजे प्री-अँप आणि पॉवर अँप एकाच डब्यात, शोधताना बहुतेक जण आधी वॅट बघतात. घोळ इथेच होतो.

वॅट दुप्पट झाले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला तो दुप्पट वाटायला साधारण दहापट वॅट लागतात! स्पीकरची सेन्सिटिव्हिटी ८७ डेसिबल असेल, तर १ वॅटवर १ मीटर अंतरावर तो ८७ डेसिबल आवाज देतो. छोट्या खोलीत गप्पा बंद पाडायला एवढं पुरे. १९७८ साली आलेला एनएडी ३०२० कागदावर अवघा २० वॅटचा होता, तरी जगभर गाजला.

खोक्यावर हजारांत लिहिलेला 'पीएमपीओ' सोडून द्या. ८ ओमवर, दोन्ही चॅनल चालू असताना आरएमएस किती, ते बघा. स्पीकर ४ ओमचे असतील तर अँप्लिफायरला ते चालतात का, हेही तपासा.

पैसे खरे वाचतात ते इनपुटमध्ये. टीव्ही जोडायचा तर ऑप्टिकल हवं. रेकॉर्ड प्लेअर असेल तर फोनो हवं, नाहीतर आवाज क्षीण आणि बेस गायब. (प्लेअरमध्येच फोनो स्टेज असेल तर दोनदा पैसे कशाला?) फक्त मोबाइलवरून ऐकायचं असेल तर ब्लूटूथवाला, क्लास डीचा छोटा डबा पुरतो. तो तापतोही कमी.