लग्नानंतर नाव बदललं? क्रूझचं बुकिंग कोणत्या नावाने कराल?

कुसगाव (ता. मावळ) : लोणावळ्याहून रेल्वेने सीएसएमटी गाठायचं आणि मुंबई बंदरातून गोव्याच्या क्रूझवर चढायचं, असा बेत आता नवविवाहित जोडपी आखू लागली आहेत. मात्र तिकिटावर सासरचं नाव आणि ओळखपत्रावर माहेरचं, असं असेल तर बंदरावरच अडवणूक होऊ शकते. आपल्याकडे लग्नानंतर आडनावासोबत मधलं नावही बदलतं, त्यामुळे तफावत लगेच नजरेत भरते.

नाव बदलणं सक्तीचं आहे का?
नाही. तसा कोणताही कायदा नाही. माहेरच्या नावाचा पासपोर्टही मुदतीपर्यंत वैध राहतो.

मग बुकिंग कसं करावं?
प्रवासाच्या दिवशी जे ओळखपत्र दाखवणार, त्यावरच्या नावानेच. देशांतर्गत क्रूझसाठी आधार, मतदार ओळखपत्र यांसारखं सरकारी फोटो ओळखपत्र लागतं. सिंगापूरसारख्या परदेशी क्रूझसाठी पासपोर्ट हवाच. त्याची किमान सहा महिने मुदत शिल्लक असावी. व्हिसा आणि तिकिटावरचं नाव पासपोर्टप्रमाणेच हवं.

नाव बदलायचंच असेल तर?
१) विवाह नोंदणी : १९९८ च्या राज्य कायद्यानुसार ग्रामीण भागात ग्रामपंचायत अधिकारी (पूर्वीचे ग्रामसेवक) हे विवाह निबंधक असतात. नोंदणी ९० दिवसांत करावी. उशीर झाल्यास जादा शुल्क भरावं लागतं. नमुना 'इ' मधील प्रमाणपत्र पुढे सगळीकडे लागतं.
२) आधार : प्रमाणपत्र घेऊन आधार केंद्रात जा. आधारवरील नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं, म्हणून स्पेलिंग नीट तपासा.
३) पॅन आणि पासपोर्ट : पासपोर्टमध्ये नाव दुरुस्त होत नाही, तो नव्याने घ्यावा लागतो. ३६ पानी पासपोर्टचं शुल्क १,५०० रुपये. तत्काळसाठी २,००० रुपये जादा. नव्या पासपोर्टचा क्रमांक वेगळा असतो, तो बुकिंगमध्ये बदलून घ्या.

पहिलं नावही बदललं असेल तर?
केवळ विवाह प्रमाणपत्रावर विसंबू नका. महाराष्ट्र शासन राजपत्रात नावबदल प्रसिद्ध करून घ्या.

प्रवास तोंडावर आला असेल तर?
नाव बदलण्याच्या फंदात आता पडू नका. जुन्या नावाच्या कागदपत्रांवरच जाऊन या. तिकीट आधीच नव्या नावाने काढलं असेल, तर कंपनीकडून नाव दुरुस्त करून घ्या आणि त्याचा लेखी ई-मेल जपून ठेवा. विवाह प्रमाणपत्राची मूळ प्रत सोबत असू द्या. पण ते ओळखपत्राची जागा घेत नाही.